जुनी गाडी बोलते, तिचे ऐकावे



बैलाला बरे नसले तर तो तोंडाने सांगत नाही. पण जो रोज त्याच्यापुढे वैरण टाकतो त्याला ते कळते. रवंथ थांबलेला असतो, कान थंड लागतात, एक पाय जरा जपून पडतो. डॉक्टर मागाहून येतो. पहिली बातमी घरच्याच माणसाला लागते. जुन्या मोटारगाडीचेही तसेच आहे असे म्हटले तर तुम्ही हसाल. पण गेली तीस वर्षे आमच्या दारात एक जुनी गाडी उभी आहे, आणि तिच्यापाशी राहून जे शिकलो ते आज तुम्हाला सांगायचे आहे. तुमच्याकडे मोटार नसेल, पण जीप, टेम्पो, ट्रॅक्टर किंवा विहिरीवरचे इंजिन असेलच. त्यालाही यातले बरेचसे लागू पडते.

आमचे गाव घिवली. पालघर तालुक्यात, अगदी समुद्राकाठी. शेजारी तारापूरचे अणुवीज केंद्र, त्याच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ साली सुरू झाल्या. बाजारहाट, दवाखाना, रेल्वे या सगळ्यासाठी बोईसर गाठावे लागते. गावात एकीकडे भातशेती आणि भाजीपाला, दुसरीकडे होड्या आणि वाळत घातलेले बोंबील. वडिलांनी १९९६ साली मुंबईहून एक प्रीमियर पद्मिनी सेकंड हँड आणली. गाडी १९८९ सालची. तेव्हा आपला हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. वडील गेले, जिल्हा बदलला, पण गाडी आहे तिथेच आहे.

ही गाडी म्हणजे मूळची इटलीची फियाट. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात पुढे हीच गाडी वर्षानुवर्षे तयार झाली. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली, मागे बैलगाडीसारख्या नव्हे पण टेम्पोसारख्या कमानपाट्यांवर बसवलेला आस. सगळे साधे आणि उघडे. बॉनेट उचलले की काय कुठे आहे ते दिसते. गाडीचे उत्पादन २००० सालाच्या सुमारास थांबले. मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी निवृत्त झाली. त्या दिवशी आमचा मुलगा म्हणाला, "बाबा, मुंबईनंसुद्धा सोडली, आता आपण तरी सोडा." त्याचे म्हणणे चुकीचे नाही. त्याचे उत्तर मी लेखाच्या शेवटी देणार आहे.

आवाज कुठून येतो?

जुन्या गाडीत दहा आवाज असतात. त्यातले सात निरुपद्रवी, दोन खर्चाचे आणि एक जिवावरचा. तो एक ओळखता आला पाहिजे.

आमचे मिस्त्रीकाका आता पंचाहत्तरीला आले. त्यांनी मला पहिला धडा दिला तो असा. गाडी उभी करा, गिअर न्यूट्रलला ठेवा, हँडब्रेक ओढा आणि अॅक्सिलरेटर हळूहळू दाबा. आवाज उभ्या गाडीत येत असेल आणि इंजिनाबरोबर वाढत असेल, तर दुखणे बॉनेटखाली आहे. उभ्या गाडीत आवाज नाही, चालू लागली की येतो, तर दुखणे चाकांत, आसात किंवा पाट्यांत आहे. एवढ्या एका परीक्षेने अर्धे काम होते.

मग पुढचे प्रश्न विचारायचे. आवाज सकाळी थंड इंजिनात येतो की गरम झाल्यावर? वळताना येतो का? ब्रेक दाबल्यावर येतो की सोडल्यावर? फक्त खड्ड्यात येतो का? भरल्या गाडीत येतो की रिकाम्या? ही उत्तरे एका वहीत तारखेसह लिहून ठेवा. गॅरेजमध्ये जाऊन "गाडी काहीतरी वाजते" असे सांगितले तर मिस्त्री जे सापडेल ते उघडतो. "सकाळी थंड असताना, उभ्या गाडीत, पुढच्या बाजूने, दहा मिनिटांत बंद होतो" असे सांगितले तर तो नेमके तेवढेच पाहतो.

आणखी एक युक्ती. लांब भिंतीला धरून, काच खाली करून, सावकाश गाडी चालवा. भिंतीवर आपटून आवाज परत येतो आणि कोणत्या चाकाचा आहे ते समजते. ऐकायचे काम मात्र शेजारी बसलेल्याने करायचे. चालवणाऱ्याचे लक्ष रस्त्यावरच हवे. आमच्याकडे हे काम सौ. करते. तिचा कान माझ्यापेक्षा तिखट आहे. चुलीवर दूध उतू जाण्याआधी तिला ओसरीवरून कळते, तर गाडीचे काय!

कोणता आवाज काय सांगतो?

गाडी सुरू करताना किंवा एकदम वेग देताना "कीं" असा किंचाळल्यासारखा आवाज आला तर पंख्याचा पट्टा सैल झाला आहे किंवा झिजला आहे. अंगठ्याने पट्ट्याच्या मध्यावर दाबून पाहा, अर्धा-पाऊण इंच दबला तर ठीक. हा पट्टा पंखा, पाण्याचा पंप आणि डायनामो असे तिन्ही फिरवतो. तो वाटेत तुटला तर इंजिन तापते आणि बॅटरी भरायची थांबते. नवा पट्टा काही शेकड्यांत मिळतो, तापून वाकलेले हेड दुरुस्त करायला हजारो लागतात. एक जादा पट्टा सीटखाली असावाच.

इंजिनाच्या पुढून "गुर्र गुर्र" असा दळल्यासारखा आवाज आला तर पाण्याच्या पंपाचे बेअरिंग पाहा. इंजिन बंद करून पंख्याचे पाते हाताने पुढे-मागे हलवा. खेळ जाणवला किंवा पंपाखाली पाण्याचा ओघळ दिसला तर वेळ घालवू नका.

इंजिनाच्या वरच्या अंगाने शिवणयंत्रासारखी बारीक "टिक टिक" येते ती बहुधा टॅपेटची. तिला घाबरू नये. फुरसतीने फट मोजून बसवून घ्यावी. पण खालच्या अंगाने, गाडी ओढत असताना, हातोडा मारल्यासारखी जड "धड धड" आली आणि ऑइलचा दिवा लुकलुकला, तर गाडी तिथेच बंद करा. ऑइल किती आहे ते पाहा. तशीच रेटून नेली तर इंजिन कायमचे जाते.

गाडी उचलताना किंवा गिअर बदलताना खालून "ठक्" असा एकच ठोका बसला तर मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टचा क्रॉस झिजला असण्याचा संभव आहे. वेगाबरोबर वाढणारा आणि वळणावर कमी-जास्त होणारा "हूं" असा घुमणारा आवाज चाकाच्या बेअरिंगचा असतो. चाक जॅकवर उचलून हाताने फिरवले की खरखर हातालाच लागते. जॅकवर उचलण्याआधी उरलेल्या चाकांना दगड लावावेत, आणि नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये.

मागे बसलेल्यांना खड्ड्यात "कर्र कर्र" ऐकू येते ती पाट्यांची आणि बुशांची. बैलगाडीच्या कण्याला वंगण घालायचे आपले वाडवडील विसरत नसत. इथेही ग्रीस वेळेवर गेले की बोलणे थांबते. नंबरप्लेट, दाराचे कुलूप, डिकीतला जॅक यांची खडखड तर सोडूनच द्या. त्यावर एक चिंधी पुरते.

आता जिवावरचे दोन आवाज. ब्रेक दाबताना लोखंडावर लोखंड घासल्याची "खर्र" आली तर लायनर संपून रिबिट ड्रमला लागले आहेत. पुढच्या बाजारापर्यंत चालवू, असे म्हणू नका. दुसरा आवाज फुसफुसणारा, सायलेन्सर फुटल्याचा. लोक म्हणतात, आवाजच आहे, होऊ दे. पण त्या भोकातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू फुटलेल्या तळातून आत येतो. त्याला वास नाही, रंग नाही. पावसात काचा बंद करून बसलेल्या मुलाबाळांना आधी डोके दुखते, मग गुंगी येते. समुद्राकाठच्या गाडीत तळाला भोके लवकर पडतात, म्हणून हा धोका आपल्याकडे जास्त.

पट्टा काढून पाहा

चार वर्षांपूर्वीची हकीकत. उभ्या गाडीत पुढून ठोक्यासारखा आवाज येऊ लागला. शहरातल्या एका गॅरेजमध्ये नेली. नाव सांगत नाही. तिथल्या माणसाने दोन मिनिटे ऐकले आणि सांगितले, "इंजिन उतरवावं लागेल. पंचवीस हजार धरा." भाताचे पैसे यायचे होते आणि धाकटीच्या कॉलेजची फी भरायची होती. आम्ही गाडी परत आणली.

मिस्त्रीकाका सायकलवरून आले. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून त्यांनी जागोजाग ऐकले. असे करताना हात, बाही आणि गमछा पंख्यापासून दूर ठेवायचा, हे त्यांनी बजावून सांगितले. मग म्हणाले, "भाऊ, पट्टा काढ." पट्टा काढून इंजिन एक मिनिटभर चालवले. ठोका गायब! म्हणजे दुखणे इंजिनाच्या पोटात नाही, पट्ट्यावर फिरणाऱ्या वस्तूंत आहे. पट्टा नसला की पाणी फिरत नाही, म्हणून ही परीक्षा एका मिनिटापेक्षा जास्त करायची नाही. शेवटी डायनामोची पुली तिच्या दांड्यावर सैल झालेली निघाली. सातशे रुपयांत काम झाले.

यावरून सगळी गॅरेजे फसवतात असे मी म्हणत नाही. मोठा खर्च सांगितला की साधी परीक्षा आधी करून घ्यावी आणि दुसऱ्या एका जाणत्याला विचारावे, इतकेच. दुरुस्तीही एका वेळी एकच करावी. चार भाग एकदम बदलले तर कशाने गुण आला ते कधीच कळत नाही. आणि काढलेला जुना भाग घरी मागून आणावा.

खारा वारा आणि नवे पेट्रोल

आमच्या किनाऱ्यावर गाडीचा मुख्य शत्रू गंज. मिठाचे बारीक कण ओलाव्याबरोबर पत्र्याच्या सांध्यात बसतात आणि ओल धरून ठेवतात. देशावरच्या कोरड्या गावात वीस वर्षे टिकणारा पत्रा इथे निम्म्या काळात पोखरतो. उपाय खर्चाचा नाही. आठवड्याला एकदा गोड्या पाण्याने गाडीचा खालचा भाग, विशेषतः चाकांच्या वरच्या कमानी, धुऊन काढाव्यात. दारांच्या तळाशी पाणी निघून जाण्याची भोके असतात, ती काडीने मोकळी ठेवावीत. पावसाळ्यापूर्वी खालून गंजरोधक रंग द्यावा. गाडी ताडपत्रीत गच्च गुंडाळू नये, आत ओल कोंडते. वर छप्पर आणि बाजूने वारा, गोठ्याला हवे तेच गाडीला हवे. आणि वर्षातून एकदा ब्रेकच्या लोखंडी नळ्या पाहून घ्याव्यात. त्या बाहेरून नुसत्या तपकिरी दिसतात, पण जोरात ब्रेक दाबला की नेमक्या तेव्हाच फुटतात.

दुसरी गोष्ट नवी आहे. २०२५ सालापासून देशभर पंपावर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ऊस, मका, तांदूळ यांपासून होते, म्हणजे आपल्याच शेतातले. त्याबद्दल वाईट वाटायचे कारण नाही. पण कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्या त्यासाठी बांधलेल्या नाहीत. इथेनॉल जुन्या रबराला मऊ करते, आणि हवेतले पाणी ओढते. आमच्यासारख्या दमट हवेत गाडी महिना-महिना उभी राहिली तर टाकीच्या तळाशी पाणी साचू शकते. म्हणून मी पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या बसवून घेतल्या आणि गाडी आठवड्यातून एकदा तरी फिरवतो. गाडीत पेट्रोलचा वास आला तर आवाजाइतकेच ते गंभीर समजा. गळती सापडेपर्यंत गाडी सुरू करू नका.

त्या रात्री

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? २०२३ च्या जुलैमध्ये आठवडाभर पाऊस लागला होता. एके दिवशी सौ. म्हणाली, "अहो, पुढून जात्यासारखं दळतंय." पंख्याचे पाते हलवून पाहिले, खेळ होता. लावणीची घाई होती, तरी मी एक दिवस मोडला. कुर्ल्याहून पंप मागवला आणि मिस्त्रीकाकांनी तो बसवला. मजुरीसकट बाराशे रुपये झाले.

त्यानंतर आठव्या रात्री, दीड वाजता, आईला दम लागला. ओठ निळे पडू लागले. वीज गेलेली, पाऊस धो धो, रिक्षा मिळणे अशक्य. आईला मागच्या सीटवर सौ.च्या मांडीवर निजवले. बोईसरच्या वाटेवर पाणी भरलेले, मधूनच औद्योगिक वसाहतीचे अवजड ट्रक. गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच हळूहळू काढावी लागली. अशा चालीत इंजिन सर्वांत जास्त तापते आणि सगळा भार पाण्याच्या पंपावर असतो. तापमानाचा काटा मध्यावरून हलला नाही. दवाखान्यात प्राणवायू लावला. आई पाचव्या दिवशी घरी आली, आणि अजून आहे. जुना पंप मी फेकला नाही. त्याचे बेअरिंग हातात घेऊन फिरवले तर अडकते. त्या पंपावर आम्ही बोईसर गाठले असते की नाही, हे तुम्हीच ठरवा.

गाडी कधी थांबवावी?

आता मुलाच्या प्रश्नाचे उत्तर. कायद्याने खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, आणि पुढे दर ५ वर्षांनी तपासणी करून वाढवून घ्यावी लागते. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरील मोटारीला या नूतनीकरणाचे शुल्क १०,००० रुपये झाले आहे. आमची मुदत २०२९ मध्ये संपते. पण कागद ठीक आहे म्हणजे गाडी ठीक आहे असे नाही.

गेल्या मे महिन्यात मिस्त्रीकाकांनी गाडीखाली फळ्यांचा भक्कम आधार दिला आणि लहान हातोडीने चासी ठोकत गेले. चांगले लोखंड "टण" बोलते. गंजलेले "थप" बोलते. मागच्या डाव्या पाट्याच्या टेकूपाशी "थप" आले. तेवढा भाग कापून नवी जाड पट्टी वेल्डिंगने बसवली. काका म्हणाले, "भाऊ, दोन पावसाळे. मग पुन्हा ठोकू. दुसऱ्या जागी थप आलं, की माणसं बसवायची नाहीत." मी मान्य केले. इंजिन नवे करता येते, दार नवे बसते, पण ज्यावर सगळे उभे आहे ते लोखंडच गेले की माया करून उपयोग नाही.

अशी गाडी घ्यायला गिऱ्हाईक मिळते, हे मला ठाऊक आहे. गावागावांतून मुले शाळेत नेणारे, मजूर शेतावर नेणारे अशी गाडी पाच-दहा हजारांत उचलतात. आवाज दाबायच्या युक्त्याही आहेत. गिअरबॉक्समध्ये लाकडाचा भुसा टाकतात, इंजिनात जाड ऑइल भरतात. चार दिवस गाडी गप्प बसते आणि सौदा होतो. जनावरांच्या बाजारात लंगडा बैल अफू चारून चालवून दाखवणाऱ्याला आपण काय म्हणतो? इथे तर त्या गाडीत दुसऱ्याची लेकरे बसायची असतात.

म्हणून आमच्या घरात ठरले आहे. दुसरे "थप" आले की ही गाडी कोणाला विकायची नाही. सरकारने २०२१ साली वाहने मोडीत काढण्याचे धोरण आणले, त्यानुसार मान्यताप्राप्त केंद्रे आहेत. तिथे गाडी देऊन प्रमाणपत्र घ्यायचे आणि नोंदणी रद्द करून घ्यायची. नोंदणी रद्द न करता भंगारवाल्याला दिली तर तिच्या नंबरावर उद्या कोणी काय करील याचा भरवसा नाही. मुलालाही हे पटले. तोवर तोच आता रविवारी बॉनेट उघडून पट्टा दाबून पाहतो.

वाचकहो, मे महिना संपण्याआधी एक सकाळ काढा. पट्टा, पाणी, ऑइल, ब्रेक, सायलेन्सर आणि तळाचा पत्रा एवढे सहा जिन्नस पाहून घ्या, आणि जे ऐकू येईल ते वहीत लिहा. पावसात गाडी अडली तर दुरुस्त करायला मिस्त्रीही लवकर येत नाही.